खाऊच्या पैशांची शाळा



गेल्या वर्षीच्या निधी-संकलनाच्या कार्यक्रमात आपल्या रविवारच्या मराठी शाळेतल्या मुलांनी भेळेचे टेबल लावले होते, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. सहा ते दहा वर्षांची आठ मुले, दोन पौंडाला एक प्लेट, आणि पैसे ठेवायला श्रीखंडाचा रिकामा डबा. आम्ही शाळेत शिकवणारे तीन-चार पालक नुसते लक्ष ठेवायला मागे उभे होतो. संध्याकाळपर्यंत ४२ प्लेटा खपल्या. डबा ओतून मोजले तर ८४ पौंड! मुलांचा आनंद गगनात मावेना.

मग आम्ही कुरमुरे, शेव, चिंच, खजूर, कांदे आणि कागदी प्लेटांचा ३१ पौंडांचा हिशेब मुलांसमोर ठेवला. हे सामान ज्या मावशींनी आणले होते त्यांचे पैसे आधी द्यायचे, असे सांगितले मात्र, आणि एकच गदारोळ झाला. "इट्स फॉर चॅरिटी! मावशी त्यातले पैसे कसे घेणार?" असे एक आठ वर्षांची मुलगी रडकुंडीला येऊन विचारू लागली. दुसऱ्याचे म्हणणे, "कांदे तर घरात असतातच, त्याचे कसले पैसे?" सर्वांत धाकटा मात्र शांतपणे म्हणाला, "पण मावशीने दुकानात पैसे दिलेच नव्हते. मी बघितलं ना. तिने फक्त फोन टेकवला."

आम्हाला हसू आले. पण घरी जाताना त्याचे वाक्य काही डोक्यातून जाईना. त्या पोराचे काय चुकले होते? त्याने जे डोळ्यांनी पाहिले तेच तो सांगत होता. तेव्हापासून आम्ही या विषयावर थोडे वाचले, आपापसांत बोललो, घरी काही प्रयोग करून पाहिले. ते सगळे आपल्यापुढे ठेवावे म्हणून हा लेखप्रपंच. आम्ही कोणी अर्थतज्ज्ञ नाही, बालमानसशास्त्रज्ञ तर नाहीच. त्यामुळे हे उपदेशाचे डोस समजू नयेत!

आपण कुठे शिकलो?

जरा मागे वळून पाहू या. आपल्या पिढीला पैशाबद्दल कोणी मुद्दाम काही शिकवले का? नाही. पण आईने हातावर पैसे ठेवून वाण्याकडे पिटाळले की चार गोष्टी आपोआप कळायच्या. पुडीतला माल, वाण्याची उधारीची वही, परत आलेले सुटे पैसे, आणि "उरलेल्याचं काय केलंस?" हा आईचा प्रश्न. महिन्याच्या एक तारखेला बाबा पगाराचे पाकीट आणायचे. मग देवापुढे ठेवून झाले की दूधवाला, पेपरवाला, भाडे अशा छोट्या छोट्या गड्ड्या व्हायच्या. शाळेत संचयिका असायची, घरी मातीचा गल्ला असायचा आणि सुट्टीत व्यापाराचा डाव रंगायचा.

आपल्या आजी-आजोबांची तर गंमतच वेगळी. पावकी, निमकी, दीडकी, अडीचकी तोंडपाठ, कारण रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै हा हिशेब रोजचाच होता. १ एप्रिल १९५७ ला भारतात नवे पैसे आले आणि रुपयाचे शंभर भाग झाले. गंमत म्हणजे त्यानंतर इंग्लंडला आलेल्या आपल्या ज्येष्ठ मंडळींनी हाच बदल दुसऱ्यांदा अनुभवला. तोपर्यंत इथे पौंडाचे २० शिलिंग आणि शिलिंगाचे १२ पेन्स, म्हणजे पौंडाचे २४० पेन्स होते. ते १५ फेब्रुवारी १९७१ ला शंभर झाले. मंडळातल्या एखाद्या आजोबांना विचारून पाहा, तासभर तरी गप्पा रंगतील!

थोडक्यात काय, तेव्हा पैसा डोळ्यांना दिसत होता, हाताला लागत होता आणि घरात त्यावर मोठ्याने बोलले जात होते. शिकवण्याची गरजच पडली नाही.

दिसेनासा झालेला पैसा

आता आपल्या मुलांचे बघा. टेकवून पैसे देण्याची कार्डे या देशात २००७ मध्ये आली. लंडनच्या बसमध्ये ६ जुलै २०१४ पासून रोख पैसे चालत नाहीत. २०२३ साली ब्रिटनमधल्या एकूण व्यवहारांपैकी फक्त १२ टक्के रोखीने झाले. सामान घरपोच येते, पगार थेट बँकेत जमा होतो, घराचा हप्ता आपोआप कापला जातो. सुट्टीत पुण्याला किंवा कोल्हापूरला न्यावे तर तिथेही २०१६ नंतर यूपीआय आले आणि भाजीवाल्या मावशींच्या टोपलीलाही क्यूआर कोड लटकलेला!

मोठ्यांची सोय झाली, यात वाद नाही. पण चार वर्षांच्या मुलाच्या नजरेतून पाहा. आई यंत्राला फोन टेकवते, यंत्र "टिंग" करते आणि खेळणे आपले होते. या सगळ्यात आईचे काही कमी झाले असे त्याला कुठे दिसते? म्हणूनच "पैसे नाहीत" म्हटल्यावर "मग भिंतीतून काढ ना!" असे उत्तर मिळते. ते मूल उद्धट नाही, त्याने जे पाहिले त्यावरून त्याने काढलेला तो सरळ निष्कर्ष आहे.

वयाप्रमाणे समज

मुलांना पैशाची समज कशी येते यावर बरेच संशोधन झाले आहे. आना एमिलिया बेर्ती आणि आना सिल्विया बोंबी या इटलीतल्या दोन अभ्यासक बाईंचे पुस्तक १९८८ मध्ये इंग्रजीत आले. त्यांना असे आढळले की अगदी लहान मुलांच्या दृष्टीने दुकानात पैसे देणे हा एक रिवाज असतो. आपण देवळात गेलो की घंटा वाजवतो, तसे दुकानात गेले की नाणे द्यायचे! मग पुढची पायरी येते. कोणत्याही नाण्याला काहीही मिळते असे वाटते. त्यानंतर कळते की काही गोष्टींना हे नाणे पुरत नाही. सुटे पैसे का परत मिळतात हे तर बरेच उशिरा समजते. काही मुलांना वाटत होते की लोकांकडे पैसे येतात तेच मुळी दुकानदाराकडून, कारण तो प्रत्येकाला परत देत असतो ना!

त्यात इथल्या नाण्यांनी आणखी घोळ घातला आहे. दोन पेन्सचे नाणे दहा पेन्सच्या नाण्याहून मोठे, आणि पाच पेन्सचे सगळ्यांत लहान. "मोठे नाणे म्हणजे जास्त पैसे" हा बालबुद्धीचा नियम इथे पहिल्याच फटक्यात बाद होतो. एका पौंडाऐवजी दोन-दोन पेन्सची पाच तांबडी नाणी मिळाली तर चार वर्षांचे मूल खूष होऊन जाते. त्याला हसू नये. संख्या, आकार आणि किंमत या तीन गोष्टी वेगळ्या असतात, हा त्याच्यासाठी मोठाच शोध असतो.

आता येतो आमच्या भेळेच्या टेबलाचा प्रश्न, म्हणजे नफा. आम्हाला वाटले होते की आमच्याच मुलांना हे जमले नाही. पण नाही! ग्लासगोमध्ये गुस्ताव यहोदा नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तिथल्या शाळकरी मुलांबरोबर दुकान-दुकान खेळून पाहिले. लहान मुलांना दुकानदाराला माल विकत आणावा लागतो हेच नीट माहीत नव्हते. त्याहून मोठ्यांना ते माहीत होते, पण ज्या किमतीला आणला त्याच किमतीला तो विकतो असे त्यांना वाटत होते. दुकानात काम करणाऱ्यांचा पगार हा त्यांच्या लेखी वेगळाच विषय, त्याचा विक्रीशी काही संबंध नाही. हे दोन धागे जोडून "जास्त किमतीला विकतो म्हणूनच पगार देता येतो" असे म्हणणारी मुले बहुतेक दहा-अकरा वर्षांची होती. तेव्हा आमच्या आठ वर्षांच्या ताईंची काही चूक नव्हती. मावशीला पैसे परत देणे तिला अन्याय वाटला, कारण माल विकत आणणे आणि विकणे हे दोन व्यवहार तिच्या मनात अजून जोडलेच गेले नव्हते.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. यहोदांनी १९८३ मध्ये झिंबाब्वेतल्या हरारे शहरातल्या मुलांचा असाच अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांना नफा ही कल्पना युरोपातल्या त्याच वयाच्या मुलांपेक्षा लवकर कळलेली होती. ती मुले जास्त हुशार होती का? तसे नाही. तिथे बऱ्याच घरांतून छोटी-मोठी विक्री चालायची आणि मुले त्यात हातभार लावायची. म्हणजे वय तर लागतेच, पण नुसते वय पुरत नाही. जे रोज समोर घडते ते लवकर समजते.

आपल्या इथल्या मराठी घरांकडे पाहिले तर काय दिसते? डॉक्टर, इंजिनियर, आयटीवाले, शिक्षक, अकौंटंट. बहुतेक सगळे पगारदार. आई-बाबा सकाळी "कामाला" जातात किंवा खोलीचे दार लावून लॅपटॉपशी बोलतात, आणि पैसा कुठून येतो, कुठे जातो ते मुलांना कधीच दिसत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानदाराची मुलगी गल्ल्यामागे बसून अभ्यास करते, तेव्हा तिला बीजगणिताबरोबर आणखीही काही फुकट शिकायला मिळते. आपल्या मुलांना ते मुद्दाम दाखवावे लागेल.

सातव्या वर्षाची गोष्ट

"सातव्या वर्षीच पैशाच्या सवयी ठरून जातात" असे वाक्य आपण कुठेतरी वाचले असेल. त्याचा उगम केंब्रिज विद्यापीठातल्या डेव्हिड व्हाइटब्रेड आणि सू बिंगम यांच्या २०१३ च्या अहवालात आहे. मनी ॲडव्हाइस सर्व्हिस या संस्थेने तो करून घेतला होता. आठ वर्षांच्या मुलांच्या पालकांनी मात्र छातीत धडकी भरवून घेऊ नये! तो अहवाल म्हणजे आधी झालेल्या संशोधनाचा आढावा होता. त्याचा मुद्दा असा की थांबता येणे, पुढचा विचार करणे, ठरवलेले पार पाडणे या ज्या सवयींवर पैशाचे वागणे उभे असते, त्या फार लवकर रुजू लागतात. त्या नंतर बदलतच नाहीत, असा त्याचा अर्थ नाही.

थांबण्यावरून आठवले. स्टॅनफर्डमध्ये वॉल्टर मिशेल यांनी केलेला मिठाईचा प्रयोग प्रसिद्ध आहे. आत्ता एक खा, किंवा थोडा वेळ थांबलास तर दोन मिळतील. थांबणारी मुले पुढे आयुष्यात यशस्वी होतात असे त्यावरून सांगितले जायचे. पण २०१८ मध्ये हाच प्रयोग मोठ्या संख्येने मुलांच्या माहितीवर पडताळला गेला, तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात धरली की तो संबंध खूपच फिका पडला. त्याआधी अमेरिकेतल्याच रॉचेस्टर विद्यापीठात तर फारच बोलका प्रयोग झाला होता. तिथे काही मुलांना आधी चित्रकलेचे चांगले साहित्य आणून देण्याचे कबूल केले आणि ते दिले. काहींना कबूल केले पण दिले नाही. मग मिठाई ठेवली. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला ती मुले सरासरी बारा मिनिटे थांबली. ज्यांची फसवणूक झाली ती तीनच मिनिटे!

हे वाचले आणि आम्ही सगळे एकमेकांकडे बघू लागलो. कारण सगळ्यांना एकच गोष्ट आठवली. ओवाळणी! वाढदिवस, भाऊबीज, आजी-आजोबा परत निघताना हळूच मुठीत कोंबलेली नोट. आणि त्यापाठोपाठ आईचे वाक्य, "माझ्याकडे दे, ठेवते." पुढे त्या पैशांचे काय झाले? आपले स्वतःचेच कोणाला आठवते का? आईचा हेतू चांगलाच असतो. पण मुलाच्या बाजूने पाहिले तर साठवायला दिलेला पैसा म्हणजे गेलेला पैसा! मग पुढच्या वेळी नोट हातात येताच ते दुकानाकडे धावले, तर त्याला उधळ्या म्हणायचे का? बँकेवर विश्वास बसण्याआधी मुलाचा आपल्यावर विश्वास बसावा लागतो. "थेंबे थेंबे तळे साचे" हे खरे, पण ते तळे मुलाला अधूनमधून दिसायला हवे ना!

शाळा काय करते?

इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०१४ पासून माध्यमिक शाळांच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात पैशाचे नियोजन आले. प्राथमिक शाळेत मुख्यतः गणिताच्या तासाला नाणी ओळखणे, बेरीज करणे, सुटे परत देणे एवढेच असते. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने प्राथमिक शाळांतही नागरिकशास्त्र सक्तीचे करून त्यात पैशाचा विषय आणण्याचे जाहीर केले. चांगलेच आहे. पण ते वर्गात येईपर्यंत आजची आपली सात-आठ वर्षांची मुले पुढे गेलेली असतील.

शिवाय वहीतले गणित आणि बाजारातले गणित यांची नेहमी गाठ पडतेच असे नाही. अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. ही मुले अवघड हिशेब तोंडी झटकन करत होती, पण तसेच गणित शाळेच्या पद्धतीने कागदावर दिले की अडत होती. आणि शाळेत जाणाऱ्या, बाजाराची सवय नसलेल्या मुलांचे नेमके उलटे! आपल्या मुलांना कागदावर दहातून साडेसहा वजा करता येतात. पण दुकानात उभे राहून "मला किती परत मिळायला हवेत?" हे त्यांना कधी विचारलेच जात नाही.

घरी काय करता येईल?

आमच्या घरांतून गेल्या वर्षभरात जे करून पाहिले त्यातले काही सांगतो.

पहिली गोष्ट, पैसा दिसू द्या. आठवड्यातून एक तरी खरेदी रोखीने करा आणि पैसे मुलाच्या हातून द्या. रांगेत मागचे लोक चुळबुळ करतील, करू देत! फोन टेकवायचाच असेल तर मोठ्याने बोला, "आता माझ्या खात्यातून चार पौंड गेले." एका घरात महिन्यातून एकदा जेवणाच्या टेबलावर व्यापाराच्या खोट्या नोटा मांडून पगाराच्या गड्ड्या करतात. घर, वीज, गाडी, नर्सरी, भारतात आजीला, शिल्लक. त्या घरातला नऊ वर्षांचा मुलगा उरलेली गड्डी पाहून म्हणाला, "एवढेच?" त्या एका शब्दात आमचे दहा लेक्चर्सचे काम झाले. खरा आकडा सांगायला हवा असे नाही, प्रमाण कळले तरी पुरे.

दुसरी, खाऊचे पैसे ठरलेल्या दिवशी, ठरलेले आणि न चुकता द्या. एक पौंड का असेना. आपण विसरलो तर मूल आपल्यामागे लागते, तेव्हा वैतागू नका. थांबायचे शिकवायचे असेल तर देणाऱ्यानेही वेळ पाळायला हवी. आणि ते पैसे खरोखर त्याचे असू द्या. आमच्यातल्या एकीच्या मुलाने तीन आठवड्यांचे पैसे एका चकाकत्या फिरकीवर घालवले आणि ती दुसऱ्या दिवशी मोडली. आईचा जीव तीळतीळ तुटला, पण तिने नवी आणून दिली नाही. तीन पौंडांत एवढे मोठे शिक्षण दुसरीकडे कुठे मिळते?

तिसरी, काचेच्या तीन बरण्या. एक खर्चाची, एक साठवणीची, एक देण्याची. काचेच्याच हव्यात, कारण आतले वाढलेले दिसायला हवे. ओवाळणीची नोट आईच्या पर्समध्ये जाण्याऐवजी मुलासमोर बरणीत जाते. बरणी भरली की मुलासकट बँकेत जायचे, आणि खात्यातला आकडा त्याला दाखवायचा.

चौथी, खरे कारण सांगा. पैसे असताना "परवडत नाही" म्हटले तर मुलांना लगेच कळते, कारण संध्याकाळी आपणच मोठा टीव्ही मागवतो! त्यापेक्षा "परवडते, पण यावर आपण खर्च करणार नाही" हे उत्तर सरळ आहे. आणि खरोखरच ओढाताण असेल, तर तेही सोप्या शब्दांत सांगावे. "अंथरूण पाहून पाय पसरावे" म्हणताना अंथरूण केवढे आहे हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असलेले बरे.

आणि एक विनंती आपल्या सर्वांनाच. प्रत्येक गोष्टीला शंभराने गुणून "बापरे, एका भेळेचे दोनशे रुपये!" असे मुलांसमोर म्हणणे जरा कमी करू या. त्यांचे जग पौंडात आहे. गुणाकाराने त्यांना काटकसर कळत नाही, फक्त गोंधळ कळतो.

एक आठवण: ते विसरलेले खाते

हे वाचणाऱ्यांपैकी काहींची मुले आता मोठी झाली असतील. आपले मूल १ सप्टेंबर २००२ ते २ जानेवारी २०११ या काळात जन्मलेले असेल आणि त्याच्यासाठी तुम्हाला चाइल्ड बेनिफिट मिळत असेल, तर त्याच्या नावाने चाइल्ड ट्रस्ट फंड असण्याची दाट शक्यता आहे. सरकारने त्यात सुरुवातीला बहुतेकांना २५० पौंड घातले होते. पुढे ऑगस्ट २०१० पासून ती रक्कम ५० पौंड झाली. पालकांनी वर्षभरात खाते उघडले नाही तर करखात्याने स्वतःच उघडून दिले. त्यामुळे खाते आहे हेच कित्येकांना माहीत नाही! सप्टेंबर २०२० पासून ही मुले अठरा वर्षांची होऊ लागली. २०२४ मध्ये करखात्याने सांगितले की ६ लाख ७० हजारांहून जास्त तरुणांनी आपले पैसे घेतलेलेच नाहीत, आणि सरासरी रक्कम सुमारे २,२०० पौंड आहे. सरकारी संकेतस्थळावर त्याचा शोध फुकट घेता येतो, त्यासाठी दलालाला टक्केवारी देण्याची गरज नाही. त्या काळात वर्क परमिटवर असलेल्या अनेक कुटुंबांना चाइल्ड बेनिफिट लागू नव्हते, त्यांच्या मुलांना मात्र हे खाते मिळाले नसेल.

त्यानंतर, म्हणजे नोव्हेंबर २०११ पासून ज्युनियर आयसा आले. त्यात पैसे मुलाच्या अठराव्या वर्षापर्यंत काढता येत नाहीत. साध्या बचत खात्यासाठी एक नियम लक्षात ठेवा. आई किंवा वडिलांनी दिलेल्या पैशांवर वर्षाला १०० पौंडांहून जास्त व्याज झाले, तर ते सगळे व्याज त्या पालकाचे उत्पन्न धरले जाते. आजी-आजोबांनी दिलेल्या पैशांना हा नियम लागत नाही. आजीची नोट इथेही भाव खाऊन जाते!

देण्याची बरणी

तीन बरण्यांतली तिसरी आपल्या या पुस्तिकेशी जोडलेली आहे. मुलांना दान शिकवायचे म्हणजे बहुतेकदा आपण काय करतो? आपलीच नोट त्यांच्या हाती देऊन "टाक पेटीत" म्हणतो. फोटो छान येतो. पण त्यात मुलाचे काही गेलेले नसते. स्वतःच्या बरणीतले पन्नास पेन्स देताना मूल जो क्षणभर थांबून विचार करते, तिथे खरे दान सुरू होते.

मोठ्या मुलांना गिफ्ट एडही समजावून सांगता येते. इथे कर भरणाऱ्या माणसाने देणगी देताना तसा फॉर्म भरला, तर प्रत्येक पौंडामागे नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला सरकारकडून २५ पेन्स आणखी मिळतात. हे सरकार आपल्या खिशातून देत नाही, त्या माणसाने भरलेल्या करातलेच परत देते. मात्र भेळ विकत घेतली तर ती खरेदी झाली, देणगी नव्हे, म्हणून तिथे गिफ्ट एड नाही. मुलाने खाऊच्या पैशांतून दिले तरी नाही, कारण त्याने कर भरलेला नसतो. पण एप्रिल २०१३ पासून छोट्या देणग्यांची वेगळी योजना आहे. ३० पौंडांपर्यंतच्या रोख देणगीवर, संस्था अटींत बसत असेल तर, फॉर्मशिवायही तेवढीच भर मिळते. म्हणजे पेटीत पडलेल्या लहानग्याच्या पन्नास पेन्सलाही किंमत आहे बरं का!

तर त्या दिवशी भेळेच्या टेबलाचे पुढे काय झाले? आम्ही मुलांना तसेच बसवले आणि नाण्यांचे दोन ढीग करायला सांगितले. एक ३१ चा, एक ५३ चा. मग विचारले, "मावशीला दिले नाहीत, तर पुढच्या वर्षी कुरमुरे कोण आणेल?" बराच वेळ कोणी बोलले नाही. मग ती रडणारी मुलगीच म्हणाली, "म्हणजे ५३ आपण केले, आणि ३१ मावशीचे फक्त आपल्याकडे होते." अर्थशास्त्राच्या पुस्तकातही इतकी सोपी व्याख्या आम्हाला सापडली नाही. मावशींनी ३१ पौंड मुलांच्या हातून घेतले, मोजले, आणि मग त्यांतले १० पौंड स्वतःच्या मर्जीने देणगीच्या पेटीत टाकले. परत घेणे आणि देणे यांतला फरक मुलांनी डोळ्यांनी पाहिला. आणि धाकट्याने पाहिले की फोन टेकवून गेलेले पैसे शेवटी कुठूनतरी भरून यावेच लागतात.

यंदाही मुलांचे टेबल असणार आहे. यंदा सामानाची यादी, खर्चाची वही आणि किंमत ठरवणे, सगळे मुलांकडेच दिले आहे. कार्डाचे यंत्र मुद्दाम ठेवलेले नाही. तेव्हा मंडळी, एकच विनंती. येताना खिशात थोडी नाणी आणि एखादी पाचाची नोट जरूर आणा. प्लेट घेतलीत की "राहू दे बाळा, सुटे ठेव" असे म्हणू नका. हात पुढे करून उभे राहा. समोरचे सात वर्षांचे मूल बोटे मोजेल, एकदा चुकेल, पुन्हा मोजेल. तोवर भेळ थोडी मऊ पडेल, पण पडू द्या. सुटे पैसे हातात आले की ते मोजून घ्या, आणि मग हवे तर देणगीच्या पेटीत टाका.

आपणा सर्वांना आणि आपल्या चिमुकल्या खजिनदारांना मनःपूर्वक शुभेच्छा!